दसऱ्याला बसवलेली डिस्क

॥ श्री ॥

नंदनवन, नागपूर
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. हर्षा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

दसऱ्याला अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तुला सात वेळा फोन केला आणि तू एकदाही उचलला नाहीस. आईचा मात्र पहिल्या घंटीला उचलतेस, हे मला स्वयंपाकघरातून ऐकू येतं. म्हणून शेवटी कागद घेतला. पस्तीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आता स्वतःचं एक पोचवून बघतो. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर तो चढत नाही, एवढा तरी फायदा.

प्रथम तुझी तब्येत. सहावा महिना सरत आला आहे, तेव्हा दुकानाच्या पायऱ्या दिवसातून दहादा चढू-उतरू नकोस. तुझ्या सासूबाई प्रयागबाई काळजी घेतात हे मला ठाऊक आहे, पण तू कुणाचं ऐकशील तर ना. हा गुण तू माझ्याकडून उचललास असं आई म्हणते.

आता त्या दिवसाचं. कॉम्प्युटरमध्ये माझं काय आहे, हे तुला नव्याने सांगायला नको. दादा, म्हणजे तुझे आजोबा, उमरेडला मागावर बसायचे. त्यांच्या करवतकाठी लुगड्यांचे काठ मी एक्सेलच्या चौकटींत एकेक धागा मोजून भरतो आहे. चार वर्षांत एक्केचाळीस काठ झाले. जुनी हार्ड डिस्क टकटक करायला लागली, तेव्हा रोहितराव आपणहून म्हणाले की दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी बसवून देतो. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांचं, म्हणून मी निर्धास्त होतो. सकाळी त्यांनी डिस्क बसवली, तुझ्या आईने हळदकुंकू वाहिलं, सगळं झोकात झालं. आणि संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली, त्यांना काठ दाखवायला बसलो, तर वीस मिनिटांत पडदा काळा! पुन्हा सुरू केलं, तर पाच मिनिटांत पुन्हा काळा. खोलीत दहाबारा माणसं, मी उगाच बटणं दाबतोय.

तेव्हा मी बोललो. नव्या खोक्यात वापरलेली डिस्क घालून माझ्या माथी मारली आणि माझी जुनी स्वतःच्या पिशवीत टाकली, असं बोललो. जोरात बोललो हे मान्य. पण म्हणून जावयाने वाढलेलं ताट सोडून उठायचं? तेही दसऱ्याला? आणि तू त्यांच्या मागोमाग चपला घालून निघालीस, आईने हाक मारली तरी वळली नाहीस.

मशीन अजून तसंच आहे. चालतं, चालतं आणि झोपतं. बेचाळिसावा काठ तीनदा भरला आणि तीनदा गेला. एक मात्र बरं झालं. पूर्वी ते घरघर करायचं, आता अगदी गप्प चालतं.

दिवाळीला दोघंही या. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच आहे. मागची खोली मी रंगवायला काढली आहे. रंग आईने निवडला, म्हणजे भांडण नको.

आशीर्वाद माझे आहेतच, माया तुझ्याकडून कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
बाबा

---

॥ श्री ॥

उमरेड
१९ ऑक्टोबर २०२५

ती. रू. बाबा व ती. आई यांस,
हर्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचा पत्ता इतका वळणदार होता, की पोस्टमनदादांनी दोनदा न्याहाळला. हे कोणाचं गा अक्षर, असं त्यांनी यांना विचारलं. सासऱ्यांचं, असं हे म्हणाले आणि पाकीट माझ्या हातात देऊन पुन्हा कामाला लागले.

मी बरी आहे. बाळ लाथा मारतं, विशेषतः मी झोपायला टेकले की. तुमच्यावर गेलं आहे असं मी आईला म्हणाले, तर ती फोनवर खूप वेळ हसत होती. तेवढ्यासाठी तरी तिचा फोन मी पहिल्या घंटीला उचलते.

बाबा, तुमच्या पत्रात तुमचा राग आहे, काठ आहेत, रंगवलेली खोलीही आहे. हे कसे आहेत, एवढं मात्र तुम्ही विचारलं नाहीत. म्हणून न विचारता सांगते. त्या दिवशी आम्ही दसऱ्याच्या गर्दीत बस मिळेपर्यंत स्टँडवर दीड तास उभे होतो. घरी आल्यावर यांनी हातपाय धुतले आणि आपल्या आईकडे, आत्याबाईंकडे, दहीभात मागितला. त्यांनी विचारलं, काहून, सासुरवाडीला जेवला नाही का? तर हे म्हणाले, जेवलो, पण बसमध्ये भूक लागली. आजपर्यंत त्यांच्या आईला खरं कळलेलं नाही. दुकानात माणसं डोळे मिटून यांच्या हातात मशीन देऊन जातात. त्या माणसाला तुम्ही दहा लोकांसमोर चोर म्हणालात.

दिवाळीला मी येणार नाही. यांनी मला अडवलेलं नाही, उलट जा म्हणतात. पण मला एकटीला यायचं नाही.

राहिलं मशीन. आमच्या ओळखीच्या एका जाणकाराला मी सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की डिस्क वापरलेली किंवा खराब असती, तर फाइल उघडायला वेळ लागला असता, निळा पडदा आला असता. असं ठरावीक वेळाने पटकन काळं होणं डिस्कचं लक्षण वाटत नाही. तुम्ही एवढंच करा. मशीन किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता बंद पडलं, ते दोन दिवस लिहून ठेवा. एकदा बंद पडल्यावर लगेच सुरू करून बघा, एकदा तासभर थांबून. आणि डिस्कला जाणारी केबल घट्ट बसली आहे का, ते ओळखीच्या कुणाकडून तरी पाहून घ्या.

खोलीचा रंग कोणता ते आईने सांगितलं नाही. सांगू नका. यायचं मन होतं मग.

थोरांच्या पायांवर डोकं आणि आईला एक घट्ट मिठी.

तुमची,
हर्षा

---

॥ श्री ॥

नंदनवन, नागपूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. हर्षा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी झाली. दोन माणसांची दिवाळी ती काय. आईने अनरसे केले, ते मला खाता येत नाहीत आणि तिला खायचे नव्हते. शेजारच्या सत्यवतीबाईंकडे डबा गेला. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा झाला, पाणी आलं, गॅसवाला आला. मी काही विचारलं की स्वयंपाकघरात तिला एकदम काम सुचतं.

तुमच्या त्या जाणकाराला माझा नमस्कार सांग. माणूस हुशार असावा, सरकारी पद्धतीने पुरावा मागतो. मी वही केली. सकाळी नऊला सुरू, नऊ वाजून एकोणीस मिनिटांनी बंद. लगेच सुरू केलं, चार मिनिटांत बंद. पुन्हा लगेच, तर दोनच मिनिटं. मग दोन तास थांबलो, तर पुन्हा वीस मिनिटं चाललं. दोन्ही दिवस हेच. म्हणजे विश्रांती दिली की चालतं, न देता हाकललं की बसतं. पोस्टात मीही असाच होतो.

केबलसाठी आमच्या चौकातला दुरुस्तीवाला बोलावला. त्याने मागच्या बाजूने केबल बदलली, काही फरक पडला नाही. मग डिस्क दुकानात नेतो म्हणाला, नेली आणि परवा परत आणून बसवून दिली. मी म्हटलं, आतलं बाकीही बघ गा एकदा. तर घाईत आहे म्हणून निघून गेला.

खोली रंगवून झाली. फिकट पिवळा. सांगू नका म्हणालीस, पण मी सांगितलं. खिडकीला जाळी बसवली, डास येत नाहीत. पाळण्याचा आकडा छतात होताच, तुझ्या वेळचा. त्याला तेल दिलं. धंतोलीच्या ज्या डॉक्टरीणबाई तुला तपासतात, त्यांचा दवाखाना आपल्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं आहे. उमरेडहून ऐन वेळी दीड तास रस्ता तुडवत येण्यात काय शहाणपण? आठवा लागला की ये. रोहितरावांनी पोचवून दिलं तरी चालेल. दारापर्यंत.

प्रकृतीला जप. वडील म्हणून काही चुकलं असेल तर मुलगी म्हणून पोटात घाल.

तुझा,
बाबा

ता. क. दुरुस्तीवाल्याने ती डिस्क आपल्या दुकानातल्या मशीनवर अख्खा दिवस चालवून पाहिली. एकदाही बंद पडली नाही. कोरी आहे म्हणाला, सप्टेंबरची.

---

॥ श्री ॥

उमरेड
१४ नोव्हेंबर २०२५

ती. रू. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पोस्टात मीही असाच होतो, या वाक्याला हे हसले. दसऱ्यानंतर तुमच्या नावावर हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग ता. क. वाचला. ते उठले आणि दुकानाचं शटर खाली ओढून आले. शटर बंदच होतं बाबा, त्यांनी नुसतं उघडून पुन्हा लावलं.

माझं स्पष्ट बोलणं तुमच्याकडूनच आलं आहे, तेव्हा रागावू नका. दहा माणसांसमोर घेतलेली अब्रू अशी ता. क. मध्ये परत देता येत नाही. आणि ती मला तर मुळीच देऊ नका, ती माझी नाही. ज्यांची आहे त्यांच्या नावाचं पाकीट घ्या. दोन ओळी पुरेत.

तोवर माझं बाळंतपण इथेच होईल. आत्याबाई करतील सगळं. दाखवायला धंतोलीच्याच डॉक्टर आहेत, ऐन वेळीही तिथेच जाऊ. दारापर्यंत पोचवून द्या हे तुम्ही लिहिलंत, ते वाचल्यावर मी ठरवलं. जो दारापर्यंतच येऊ शकतो, त्याचं मूल त्या दाराच्या आत कसं जन्मेल?

आता मशीन. जाणकार कोण हे तुम्हाला कळलं असेलच, लपवण्यात अर्थ नाही. तुमची वेळांची वही यांना फार आवडली. त्यांचं म्हणणं, मशीन तापतंय. आत प्रोसेसर नावाचा भाग असतो, त्याच्यावर एक लहान पंखा असतो, तो फिरत नसणार. मशीन गप्प झालं ते म्हणूनच. डिस्कचा यात संबंध नाही. प्लग काढा, मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा आणि त्या पंख्याकडे नीट बघा, एवढंच. दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. तुम्ही स्वतः उघडा, आणि आई घरात नसताना उघडा. हे त्यांनी दोनदा सांगितलं. का, ते मला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, एवढा निरोप तसाच्या तसा लिही.

आईला सांगा, डिंकाचे लाडू ती म्हणते तितके गोड नकोत.

लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं, हे विसरू नका.

तुमची,
हर्षा

---

॥ श्री ॥

नंदनवन, नागपूर
१० डिसेंबर २०२५

चि. सौ. हर्षा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझ्या ओटीभरणाला आई येऊन गेली. हिरवी साडी तुला छान दिसली म्हणाली. मी आलो नाही. गुडघा धरला होता असं तिने तुम्हाला सांगितलं असेल. गुडघा ठीक आहे.

मशीन मी उघडलेलं नाही. त्यावर चादर टाकून ठेवली आहे. आता त्या डब्याचं तोंड बघायची इच्छा होत नाही. ज्यांच्या नावाचं पाकीट घ्या म्हणालीस, तेही घेतलं. टेबलावर आहे, वर पत्ता घातला आहे. आत काय घालायचं ते रोज सकाळी ठरवतो आणि दुपारपर्यंत मोडतो. पस्तीस वर्षांत एवढं जड पाकीट हातात आलं नव्हतं, आणि ते रिकामं आहे.

पिवळ्या खोलीत सध्या आई दुपारची पडते.

जपून राहा. आमची आठवण राहू दे.

तुझा,
बाबा

---

॥ श्री ॥

नंदनवन, नागपूर
२ जानेवारी २०२६, दुपारी साडेतीन

चि. रोहितराव यांस,
गोपाळरावांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे, पहिल्या ओळीपासून. ता. क. मध्ये काही लिहिणार नाही.

आज सकाळीच हर्षाची आई, सिंधू, घाईने निघाली. सत्यवतीबाईंच्या सुनेला धंतोलीला दवाखान्यात ठेवलं आहे, तिला बघायला जाते म्हणाली. मी तिच्याजवळ अर्धा डझन संत्री दिली आणि घरात एकटा उरलो. तेव्हा तुमचा निरोप आठवला. चादर काढली, प्लग काढला, दोन स्क्रू काढले. पोस्टात पुसट पत्ते वाचायला वापरायचो ते भिंग आणि टॉर्च घेऊन बसलो. पंखा लगेच सापडला. बोटाने ढकलला, तर हलेना. पात्याच्या आणि कडेच्या मध्ये एक तांदळाचा दाणा अडकला होता. कुंकवाचा. सिंधूची सेफ्टी पिन घेऊन तो काढला. खालच्या पत्र्यांच्या फटींतून आणखी पाच निघाले.

खरं तेच लिहितो. दाणा चिमटीत धरल्यावर पहिला राग मला सिंधूचा आला. तिच्या नावाने मी मोठ्याने ओरडलोसुद्धा. पुढचे शब्द तोंडात तयार होते. घरात ती नव्हती, म्हणून ते तोंडातच राहिले. आणि मग मला कळलं, आई नसताना उघडा असं तुम्ही का सांगितलंत.

म्हणजे तुम्हाला दसऱ्याच्याच संध्याकाळी समजलं होतं. त्या दिवशी सकाळी कॅबिनेट आडवं ठेवलेलं, पत्रा उघडा. सिंधू ताट घेऊन आली, तेव्हा तुम्ही म्हणालात, आई, आत नको, खोक्यावर वाहा. तोवर तिने अक्षता टाकल्या होत्या. तुम्ही हसलात, कॅबिनेट उलटं करून थापटलं, दिसले तेवढे दाणे वेचलेत. संध्याकाळी मी तुम्हाला अरेतुरे करून, काहून गा, मले फसवून राहिला का, असं सगळ्यांसमोर ओरडलो, तेव्हा तुम्ही बोलायला तोंड उघडलं होतं. मग दारात वाढण्याचा डाव घेऊन उभ्या असलेल्या सिंधूकडे पाहिलंत आणि मिटलंत. मी ते पाहिलं होतं, रोहितराव. चोर सापडला म्हणून गप्प झाला, असं मी समजलो.

मागच्या वर्षी तिने मिक्सर लावायला माझा प्लग काढला होता, आठवतं? एक काठ अर्धा गेला, आणि मी तुमच्या देखत तिची अक्कल काढली होती. ती मिक्सरचं झाकण हातात घेऊन आत गेली. तुम्ही तेव्हा नवे जावई, खाली मान घालून बसून राहिलात. ते तुमच्या लक्षात राहिलं. माझ्या राहिलं नाही. माझ्या घरात माझ्या बायकोला माझ्या तोंडापासून वाचवायला जावयाला चोर म्हणवून घ्यावं लागलं, याहून जास्त काय लिहू? मला माझी लाज वाटते.

दाणे मी तिकिटांच्या जुन्या डबीत ठेवले आहेत. सिंधूला काही बोललेलो नाही, बोलायला तोंड नाही. मशीन अकरा वाजल्यापासून घरघर करत चालू आहे.

मला माफ करा. हे स्पीड पोस्टाने पाठवणार होतो, पण त्यात घेणाऱ्याची सही लागते. माफी मागायची आणि वर सही घ्यायची, हे बरं दिसत नाही. साध्या टपालाने टाकतो, सोमवारपर्यंत मिळेल. तुम्ही या म्हणालात, की दुसऱ्या दिवशी मी उमरेडची बस धरीन आणि हर्षाला, तुम्हाला, प्रयागबाईंना घेऊन येईन. न विचारता येण्याचा हक्क मी घालवला आहे, म्हणून उत्तराची वाट पाहतो.

तुमच्या मनात जागा उरली असेल तर तेवढी असू द्या.

तुमचा,
गोपाळराव

---

नंदनवन
८ जानेवारी, गुरुवार

नवऱ्याले मायना काय लिहितात ते मले माहीत नाही. अडतीस वर्षांत तुम्हाले कधी पत्र लिहिलं नाही. जशी बोलते तशीच लिहिते. तुम्हीच म्हणता, कागदावर आवाज चढत नाही, म्हणून ही चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवून जाऊन राहिली.

सत्यवतीबाईंची सून ठणठणीत आहे. मी रोज धंतोलीला जात होती ते आपल्या हर्षासाठी. एक तारखेला संध्याकाळी तिले अचानक कळा सुरू झाल्या, घराला कुलूप लावून सगळे इकडं आले. दोन तारखेला सकाळी अकरा वाजता मुलगी झाली, तीन आठवडे आधी. टाके पडले. लेकरू तीन दिवस काचेच्या पेटीत होतं, आता चांगलं आहे. नाक तुमच्यासारखं आहे. मी हर्षाले म्हणली, बाबांले सांगू दे वं. ती म्हणली, इथं येऊन आवाज चढवतील, मले आत्ता सोसणार नाही. मी कबूल झाली.

तुम्ही दिलेली संत्री बाळंतिणीले चालत नाहीत. रोहितरावांनी खाल्ली. कोणी दिली ते मी सांगितलं त्यांले.

आणखी एक. तीन तारखेला मी टेबल पुसत होती, तर तुमच्या तिकिटांच्या डबीत कुंकवाचे तांदूळ दिसले. बाजूले माझी सेफ्टी पिन. मी ओळखलं कुठले ते. तेव्हापासून मी रोज वाट पाहून राहिली, आता ओरडतील, जेवण झाल्यावर ओरडतील. तुम्ही ओरडले नाही. मले वाटलं राग फार मोठा आहे, म्हणून साठवून राहिले. भीतीनं मी पण गप्प राहिली. तुम्ही एक शब्द बरा बोलले असते, तर मी तुमचा हात धरून तुम्हाले रिक्षात बसवलं असतं. पेटीत होती तेव्हा तरी तुम्ही तिले पाहायला पाहिजे होतं.

आज दवाखान्यातून सुट्टी देऊन राहिले. हे वाचाल तेव्हा आम्ही उमरेडच्या गाडीत असू. सव्वा महिना मी तिथंच राहीन. डब्यात भाकरी आहेत, भाजी आजची आहे. गोळी सकाळची लाल, संध्याकाळची पांढरी.

जिवाले जपा.

सिंधू

---

॥ श्री ॥

उमरेड
१० जानेवारी २०२६

ती. स्व. बाबा यांस,
रोहितचा शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी दुपारी आम्ही घरी पोचलो. कुलूप काढून दार ढकललं, तर आत फरशीवर तुमचं पाकीट पडलेलं होतं. आधी माझ्या आईचा पाय त्याच्यावर पडला, त्यामुळे वर चपलेचा ठसा आहे. मी ते उभ्यानेच वाचलं. मग वरची तारीख आणि वेळ पाहिली. तुम्ही भिंग घेऊन पंख्याजवळ बसला होता, तेव्हा मी धंतोलीला ऑपरेशनच्या दाराबाहेर उभा होतो. मुलगी अकराला झाली. तुमचं मशीनही अकरापासून चालू आहे.

मला फार लिहिता येत नाही. दोन गोष्टी मात्र लिहितो. त्या दिवशीचं ताट मी विसरलो, असं लिहिलं तर खोटं होईल. विसरायला वेळ लागेल. दुसरी गोष्ट माझी. बाबांना कळवू का, असं मी हर्षाला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती नको म्हणाली. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, हे मला दिसत होतं. तो माझा हट्ट होता. लेकरू पेटीत होतं ते तीन दिवस मी खिडकीशी उभा असायचो. माझे वडील नाहीत. घरातलं कुणी मोठं माणूस शेजारी असावं असं वाटायचं, आणि तुम्ही वीस मिनिटांवर आहात हेही माहीत होतं. तुमची संत्री मी तिथेच सोलून खाल्ली. ते दिवस आता तुम्हालाही परत मिळणार नाहीत आणि मलाही नाहीत. याचं वाईट वाटतं.

तांदळाचं हर्षाच्या आईंनी इथे आल्यावर तिला स्वतःच सांगितलं. सांगताना हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या. तुमच्या पत्रातला त्यांच्याविषयीचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. घरात ती नव्हती, म्हणून ते तोंडातच राहिले, हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, मी इथं असताना भाकरी कोण करून देत असंल त्यांले.

तुमची जुनी डिस्क मी नेली, कारण ती केव्हाही बंद पडेल असं वाटत होतं आणि त्याआधी काठांची आणखी एक प्रत करून ठेवायची होती. प्रत तेव्हाच झाली. डिस्क माझ्या कपाटात आहे, वर तुमच्या नावाची पट्टी लावली आहे. ती तुम्ही तुमच्या हाताने घेऊन जा.

पंख्यावरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं लावू नका. पत्रा बंद करूनच मशीन चालवा.

बारसं १८ तारखेला, रविवारी ठेवलं आहे. पाळण्यावर अक्षता हर्षाच्या आईच टाकणार आहेत. हर्षा म्हणते पिवळ्या खोलीतला पाळण्याचा आकडा नुसताच राहिला, पण ते नंतर बघू.

तुमचा आशीर्वाद पाकिटातून नको. या पत्राला उत्तर लिहू नका आणि आमच्या होकाराची वाट पाहत बसू नका. टपालाला तीन दिवस लागतात. बस दीड तासात येते.

तुमचा,
रोहित